कृष्णराजनगरच्या वाटेवरच्या पेट्या

म्हैसूरला गेलेला मराठी प्रवासी सहसा ठरलेल्या वाटेनेच फिरतो. सकाळी चामुंडी टेकडी, दुपारी राजवाडा, संध्याकाळी वृंदावन उद्यानातली कारंजी, आणि परतताना पिशवीत चंदनाचा साबण, उदबत्ती आणि तुपाने माखलेला म्हैसूरपाक. दोन दिवसांत म्हैसूर ‘उरकून’ मंडळी उटीच्या बसमध्ये जाऊन बसतात. त्यांची काही चूक नाही. राजवाडा आहेच तसा. पण ज्याच्या हाती आणखी एक दिवस आहे आणि ज्याला नुसते बघण्यापेक्षा समजून घेण्याची हौस आहे, त्याने एकदा म्हैसूर स्टेशनवरून हासनकडे जाणारी गाडी पकडावी आणि तासाभराच्या अंतरावरच्या कृष्णराजनगरला उतरावे. अंतर जेमतेम चाळीस किलोमीटर. तिकीट चहा-बिस्किटांच्या किमतीचे.

या वाटेवर राजवाडे नाहीत. एका टोकाला कारखान्यांच्या शेड, मधे धरणाचे पाणी आणि दुसऱ्या टोकाला भाताची शेते. पण म्हैसूर संस्थान ज्या दोन गोष्टींवर उभे राहिले, पाणी आणि यंत्र, त्या दोन्ही इथे चाळीस किलोमीटरांत एकापाठोपाठ एक भेटतात. आणि त्या दोहोंच्या मधे, कुणाच्या लक्षातही येणार नाही अशी एक वस्तू तयार होत असते. तिचे नाव पेटी.

पेटी म्हणजे दागिन्यांची नव्हे, पत्र्याची ट्रंकही नव्हे. इलेक्ट्रॉनिक उपकरण ज्या धातूच्या कवचात बसते ती पेटी. इस्पितळातल्या रुग्णाच्या उशाशी टिकटिकणारे यंत्र, रेल्वेरुळाच्या कडेचा सिग्नलचा डबा, मोबाइलच्या मनोऱ्यावर ऊनपाऊस खात बसलेला चौकोनी ठोकळा, उपग्रहाच्या पोटातली उपकरणे या सगळ्यांना घर लागते. आतल्या हिरव्या पट्टीवर काय चालले आहे याचे कौतुक सगळे करतात. घराचे कौतुक कुणी करत नाही. बाळाचे बारसे थाटात होते, पाळणा करणाऱ्या सुताराला कोण विचारतो!

म्हैसूर शहराच्या वायव्येला मेटगळ्ळी, हेब्बाळ, बेळगोळ, हूटगळ्ळी, कूरगळ्ळी अशा औद्योगिक वसाहती आहेत. नावांतले ‘हळ्ळी’ म्हणजे खेडे. ती खेडी आता नावापुरती उरली. बीईएमएल या सरकारी कंपनीचा अवजड डंपर बनवणारा कारखाना १९८४ साली इथे आला. १९८८ मध्ये केन्स टेक्नॉलॉजी ही इलेक्ट्रॉनिक जोडणी करणारी कंपनी म्हैसुरात सुरू झाली. २००७ मध्ये स्कॅनरे टेक्नॉलॉजीज ही वैद्यकीय उपकरणांची कंपनी आली. थोड्या अंतरावर नंजनगूडला इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पट्ट्या छापणारा कारखाना आहे. जिथे इतकी उपकरणे जुळतात तिथे त्यांना पेट्याही लागणारच. मोठ्या कारखान्यांच्या आडोशाला मग छोट्या शेड उभ्या राहतात. दोन यंत्रे, चार माणसे, दारात एक मोटरसायकल आणि भिंतीवर हार घातलेली चामुंडेश्वरी. अशा शेडला ‘जॉब शॉप’ म्हणतात. यांचे स्वतःचे उत्पादन काही नसते. गिऱ्हाईक नकाशा घेऊन येते आणि म्हणते, असे दहा करून द्या. कधी म्हणते, एकच हवे आहे.

पाणी आधी, वीज मग, यंत्र त्यानंतर

हे सारे म्हैसुरातच का, असा प्रश्न गाडीत बसल्या बसल्या पडतो, आणि उत्तर लवकरच खिडकीबाहेर येते. कृष्णराजसागर नावाचे स्टेशन लागते. वृंदावन उद्यान ज्या धरणाच्या पायथ्याशी आहे तेच हे कृष्णराजसागर. पुढे सागरकट्टेजवळ धरणाच्या फुगवट्याचे पाणी दिसू लागते. पावसाळा चांगला झाला असेल तर क्षितिजापर्यंत पाणीच पाणी, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस त्याच जागी चिखलाचे भेगाळलेले पट्टे.

या धरणाचे नाते महाराष्ट्राशी आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या इंजिनिअर झाले ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, १८८३ साली, आणि तेही पहिल्या क्रमांकाने. त्यानंतरची त्यांची उमेदीची वर्षे मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिक, खानदेश, पुणे अशी गेली. धरण भरले की आपोआप उघडणारे आणि पाणी उतरले की आपोआप मिटणारे दरवाजे त्यांनी १९०३ मध्ये बसवले ते पुण्याच्या खडकवासल्याला. तीच युक्ती पुढे कृष्णराजसागरावर आली. १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य इंजिनिअर झाले, १९११ मध्ये धरणाचे काम सुरू झाले, १९१२ मध्ये ते दिवाण झाले. धरण पुरे व्हायला वीस वर्षे लागली.

धरण शेतीसाठी होते हे खरेच, पण त्याचे आणखी एक कारण होते. कावेरीवर खाली शिवनसमुद्रम येथे १९०२ सालीच वीज तयार होऊ लागली होती आणि ती दूर कोलारच्या सोन्याच्या खाणींना जात होती. उन्हाळ्यात नदी आटली की वीज आटायची. वरच्या अंगाला पाणी साठवले की खाली चाके बारमाही फिरणार. पाण्याचा हा हिशोब जमला आणि म्हैसूर संस्थानात कारखाने उभे राहू लागले. राजे चौथे कृष्णराज वडियार आणि त्यांचे दिवाण यांना कारखान्यांचे वेडच होते म्हणा ना.

यात मराठी माणसाचाही वाटा आहे. किर्लोस्करवाडीचे किर्लोस्कर १९४१ साली याच संस्थानात, तुंगभद्रेच्या काठी हरिहरला गेले आणि तिथे ‘म्हैसूर किर्लोस्कर’ हा लेथ बनवणारा कारखाना उभा राहिला. लेथ म्हणजे यंत्र बनवणारे यंत्र. देशात दुसरीकडे नांगर, चरक, पंप बनत असताना हरिहरला ते बनवणारी अवजारे बनत होती. त्या कारखान्याच्या लेथवर हात बसलेले कारागीर दक्षिणेत आणि महाराष्ट्रातही गावोगाव होते. एकविसावे शतक उजाडता उजाडता तो कारखाना बंद पडला. पण जुन्या वर्कशॉपात हिरव्या रंगाचा, तेलाने काळवंडलेला एखादा किर्लोस्कर लेथ अजूनही कोपऱ्यात उभा दिसतो. १९५३ मध्ये बंगळूरला एचएमटी आली, पाठोपाठ यंत्रे बनवणारे इतरही आले, आणि आज भारतात बनणारी संगणकीय यंत्रे मोठ्या प्रमाणात बंगळूरच्या परिसरातून येतात. म्हैसूरहून बंगळूर तीन तासांवर. यंत्र बिघडले तर सकाळी फोन केला की दुपारी दुरुस्तीचा माणूस दारात. छोट्या शेडवाल्याला याचे मोल फार असते.

आणि येझदी! ज्यांच्या वडिलांनी किंवा काकांनी ‘जावा’ किंवा ‘येझदी’ फटफटी चालवली असेल त्यांना सांगायला हवे की ती म्हैसूरची. आयडियल जावाचा कारखाना इथे १९६१ पासून १९९६ पर्यंत चालला. अशा कारखान्यात पस्तीस वर्षे माणसे तयार होत राहिली. मायक्रोमीटर कानाशी धरून नुसत्या टिचकीने माप सांगणारी म्हणतात ना, तसली. कारखान्याला कुलूप लावता येते, पण बोटांत मुरलेल्या अंदाजाला ते लावता येत नाही.

चार किलोची वीट, अर्ध्या किलोची पेटी

आता शेडमध्ये शिरू या. बाहेर ऊन, आत तेलाचा आणि साबणाच्या पाण्यासारखा मिश्र वास. मधोमध कपाटाएवढे मोठे बंद यंत्र, त्याला काचेची खिडकी. खिडकीत पाहिले तर दुधासारख्या पांढऱ्या पाण्याची धार सुटलेली आणि त्या धारेत एक दातेरी हत्यार गरगर फिरते आहे, मिनिटाला आठ-दहा हजार फेऱ्यांनी. ते दूध म्हणजे पाण्यात फेटलेले तेल, हत्यार आणि धातू थंड ठेवणारे. शेडमधला सगळ्यात ज्येष्ठ कारागीर यंत्राजवळ नसतोच. तो टेबलापाशी नकाशावर वाकलेला असतो.

अशा यंत्राला सीएनसी म्हणतात. हत्याराने कुठून कुठे जायचे, किती खोल उतरायचे, किती वेगाने सरकायचे, हे आकड्यांत लिहिलेले असते आणि संगणक ते आकडे वाचून हत्यार चालवतो. ही कल्पना फार जुनी नाही. अमेरिकेत जॉन पार्सन्स नावाच्या माणसाला हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वाकडेतिकडे आकार अचूक हवे होते. त्यातून पुढे १९५२ साली एमआयटी या संस्थेत छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवर चालणारे पहिले यंत्र दाखवले गेले. आज ती पट्टी गेली, संगणक आला. आकडे मात्र तेच.

कच्चा माल म्हणजे अॅल्युमिनियमची वीट. समजा वीस सेंटिमीटर लांब, पंधरा रुंद आणि पाच जाड. वजन चार किलो. हत्यार तिच्यावर थर थर उतरत जाते आणि तिला आतून पोखरते. शेवटी उरते ती तीन मिलिमीटर जाडीच्या भिंतींची, एकही सांधा नसलेली पेटी. तिचे वजन अर्धा किलो. बाकीचा साडेतीन किलो अॅल्युमिनियमचा कीस यंत्राच्या तळाशी साचतो, अगदी नारळाच्या किसासारखा पांढराशुभ्र आणि कुरळा. तो पोत्यात भरून भंगारात जातो आणि पुन्हा वितळवला जातो.

गृहिणीला हा उधळेपणा वाटेल. पत्रा वाकवून डबा केला तर काय बिघडले? बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही. मोठ्या पेट्या पत्र्याच्याच असतात आणि तेच शहाणपणाचे. कोरीव पेटी लागते ती अडचणीच्या ठिकाणी. एक अडचण उष्णतेची. इलेक्ट्रॉनिक भाग तापतात, पण धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून पेटीला भोक ठेवता येत नाही. मग ऊब बाहेर जाणार कशी? भिंतीतूनच. अॅल्युमिनियम स्टेनलेस स्टीलच्या दहापट वेगाने उष्णता वाहून नेते आणि वजनाला पोलादाच्या तिसऱ्या हिश्श्याचे असते. दुसरी अडचण पाण्याची. उपकरणावर ‘आयपी ६७’ असे लिहिलेले अनेकांनी मोबाइलवर पाहिले असेल. त्यातला ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही आणि ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ठेवले तरी चालते. त्यासाठी झाकणाच्या कडेला रबरी वेढ्याची खाच कोरावी लागते आणि ती चारी बाजूंनी सारखीच खोल हवी. एका कोपऱ्यात केसाएवढी उथळ झाली की पावसाळ्यात पेटी रडणारच.

तिसरी अडचण डोळ्यांना न दिसणारी आहे. प्रत्येक उपकरण चालू असताना रेडिओलहरी सोडत असते आणि शेजाऱ्याच्या लहरी पकडत असते. पूर्वी मिक्सर सुरू केला की रेडिओवर खरखर यायची, तसेच. धातूची पेटी या लहरींना अडवते. पण झाकण आणि पेटी यांच्यामधली फट जर लांबट असेल, तर ती कितीही बारीक असली तरी लहरी तिच्यातून निसटतात. इथे फटीची रुंदी नव्हे, लांबी महत्त्वाची. दाराच्या फटीतून वारा येतो त्यापेक्षा हा न्याय वेगळा. एक गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी तीस सेंटिमीटर असते आणि ढोबळ नियम असा की फट तिच्या विसाव्या भागाहून लांब नसावी. म्हणजे दीड सेंटिमीटर. म्हणून चांगल्या पेटीच्या झाकणावर इतके जवळ जवळ स्क्रू दिसतात. बघणाऱ्याला वाटते, काय हे स्क्रूंचे वेड! आता कारण कळले.

एक गंमत प्रत्येक शेडमध्ये घडते. नवा इंजिनिअर संगणकावर पेटी काढतो आणि आतले चारी कोपरे काटकोनात देतो. कागदावर सुरेख दिसतात. शेडमधला कारागीर नकाशा पाहतो, हसतो आणि फोन लावतो. गोल फिरणाऱ्या हत्याराने आतला कोपरा काटकोनी निघतच नाही, थोडी गोलाई राहणारच. ती किती चालेल ते सांगा. लहान गोलाई हवी तर बारीक हत्यार लागेल, बारीक हत्यार खोल जाताना लवते आणि मोडतेही, वेळ दुप्पट होतो, पैसे वाढतात. दहा मिनिटांच्या त्या फोनमध्ये इंजिनिअर जे शिकतो ते चार वर्षांच्या पदवीत शिकवायचे राहून गेलेले असते.

धातूलाही स्वभाव असतो. विटेत ताण दडलेले असतात. एका बाजूने पोखरली की ती हळूच वाकते, पापड भाजताना कडेला वळतो तशी. म्हणून जाणता कारागीर आधी ढोबळ कोरतो, पकड सैल करतो, वीट जशी वाकायची तशी वाकू देतो आणि मगच हलक्या हाताने शेवटचे माप घेतो. घाई करणाऱ्याची पेटी यंत्रावर सरळ असते आणि टेबलावर ठेवली की डुलते. आणि शेवटी, इतके संगणक, इतके आकडे झाल्यावरही, एक मुलगा किंवा मुलगी स्टुलावर बसून बारीक कानशीने आणि चाकूने प्रत्येक कडेवरची बर काढत असते. बर म्हणजे कडेला राहिलेली धातूची धारदार साय. तिचा एक तुकडा सुटून आतल्या सर्किटवर पडला तर सगळे उपकरण बंद. हे काम अजून बऱ्याच ठिकाणी बोटांनीच होते.

पेटीला नंतर रंग किंवा लेप चढतो. तिथेही फसगत होते. अॅल्युमिनियमवर अॅनोडायझिंगचा सुंदर काळा थर दिला की तो गंजत नाही, पण त्या थरातून वीज वाहत नाही. झाकण आणि पेटी जिथे एकमेकांना टेकतात तिथेही थर चढला तर दोघे वेगळे पडतात आणि लहरींना मोकळी वाट मिळते. म्हणून तेवढी कड झाकून मगच लेप द्यायचा. नकाशावर ही सूचना एका ओळीची. ती वाचायची राहिली की पूर्ण खेप परत.

तीस हजार श्वासांची गोष्ट

या मापाच्या कामाची कसोटी लागली ती २०२० साली. मार्चच्या अखेरीस देशभर टाळेबंदी झाली. इस्पितळांत श्वास देणाऱ्या यंत्रांची, व्हेंटिलेटरची, टंचाई होणार हे दिसत होते. परदेशातून यंत्रे येईनात, त्यांचे सुटे भागही येईनात, कारण प्रत्येक देशाला ते स्वतःलाच हवे होते. तेव्हा म्हैसूरच्या स्कॅनरेने तयार केलेला नमुना, संरक्षण संशोधन संस्था डीआरडीओची मदत आणि बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा मोठा कारखाना असे तिघे एकत्र आले. मागणी होती तीस हजार यंत्रांची, आणि तीही काही महिन्यांत. एरवी अशी यंत्रे वर्षाला थोडीथोडकीच बनत असतात.

व्हेंटिलेटरचे बाहेरचे कवच दिसायला साधे असते. खरा प्रश्न आतल्या झडपांचा आणि वायूच्या वाटांचा. हवा आणि ऑक्सिजन मोजून मिसळायचे आणि रुग्णाच्या फुप्फुसाला सोसेल एवढ्याच दाबाने सोडायचे. धातूच्या ठोकळ्यात एकमेकींना छेदणारी भोके पाडून त्या वाटा करता येतात. दोन भोके जिथे भेटतात तिथे आत बर राहते, बाहेरून दिसतही नाही. ती सुटून झडपेत अडकली तर? वर सांगितलेला कानशीवाला मुलगा आता आठवावा. ज्या झडपा आजवर बाहेरून येत त्या इथे बनवाव्या लागल्या. बाहेर रस्ते ओस पडले होते आणि यंत्रे करणाऱ्या हातांना मात्र विसावा नव्हता. त्या वर्षीच्या पावसाळ्यात ही यंत्रे देशातल्या इस्पितळांकडे रवाना होत होती.

तीन वर्षांनी, २०२३ मध्ये, चांद्रयान-३ चंद्रावर उतरले तेव्हा केन्सने पुरवलेल्या इलेक्ट्रॉनिक भागांमुळे म्हैसूरचे नाव पुन्हा छापून आले. वर्तमानपत्रांत फोटो यानाचे होते. बरोबरच आहे.

छोट्या शेडचे अर्थशास्त्र मात्र चंद्रासारखे झगमगते नाही. यंत्र कर्जावर असते, हप्ता दर महिन्याला. एक पेटी करायची झाली तरी नकाशा वाचणे, आकडे लिहिणे, हत्यारे लावणे, वीट पकडणे यात जाणारा वेळ शंभर पेट्यांना लागतो तेवढाच. म्हणून एकच नग मागणाऱ्या गिऱ्हाइकाला किंमत ऐकून घाम फुटतो आणि शेडवाल्याला त्याच किमतीत फारसे काही सुटत नाही. पैसे यायचे ते खेप पसंत पडल्यावर, तीन महिन्यांनी. पण एक नग करून देणारा कुणी नसेल तर नवे उपकरण जन्मालाच येणार नाही. तीस हजारांच्या आधी एक असतो, आणि तो पहिला एक कुणीतरी रात्र जागून केलेला असतो.

पुराने वसवलेले गाव

सकाळी म्हैसूरकडे येणाऱ्या गाड्यांत आणि बसमध्ये डबे घेतलेल्या तरुणांची गर्दी दिसते. आयटीआय झालेला, घरी दोन-तीन एकर भाताचे शेत असलेला मुलगा शहरात यंत्रावर उभा राहतो आणि सुगीला रजा टाकून घरी येतो, हे इथले नित्याचे चित्र. कृष्णराजनगर तालुका भाताचा. कावेरीच्या कालव्यांवर हिरवीगार खाचरे, बांधावर नारळ, आणि वर निळे आभाळ. कोकणातून आलेल्या माणसाला घरी आल्यासारखे वाटावे, फक्त डोंगर नाहीत.

हे गाव तसे नवे. मूळ गाव एडतोरे, अगदी कावेरीच्या काठावर. नदी जगवते तशी बुडवतेही. पुरांनी जेरीस आणल्यावर सुमारे शंभर वर्षांपूर्वी नदीपासून जरा दूर नवे गाव आखले गेले आणि त्याला त्या वेळच्या राजाचे, चौथ्या कृष्णराजांचे, नाव दिले. म्हणून इथे जुन्या गावांतला वाकडातिकडा बोळ शोधावा लागतो. रस्ते रुंद, सरळ, दोरी लावून आखल्यासारखे. आधी नकाशा आणि मग गाव, असा हा क्रम. बाजारात केळीच्या पानावर वाढलेले जेवण मिळते, नाचणीचा मुद्दा आणि त्यावर झणझणीत सारू. मुद्दा चावायचा नसतो, सारात बुडवून गिळायचा, हे आधी माहीत असलेले बरे.

गाव हलले, देव मात्र हलला नाही. जुन्या एडतोरेच्या जागी नदीकाठी अर्केश्वराचे देऊळ आहे. अर्क म्हणजे सूर्य. सूर्याने पूजिलेला शंकर तो अर्केश्वर. देवळापुढे घाट, घाटाखाली संथ कावेरी. सकाळी इथे बसावे. बायका कपडे धूत असतात, कुणी आजोबा सूर्याला अर्घ्य देत असतात आणि पलीकडच्या शेतातून पंपाची धकधक ऐकू येते.

वेळ असेल तर पंधराएक किलोमीटरवर चुंचनकट्टे आहे. तिथे कावेरी खडकांमधून दुभंगते आणि साठ-एक फुटांवरून कोसळते. जुलै ते ऑक्टोबर हा पाहण्याचा काळ. मे महिन्यात गेले तर खडकच पाहून यावे लागेल. संक्रांतीच्या सुमाराला इथे गुरांचा मोठा बाजार भरतो. धबधब्याच्या शेजारी कोदंडरामाचे जुने देऊळ आहे. इथे सीता रामाच्या डाव्या नव्हे, उजव्या बाजूला उभी आहे, हे पुजारी आवर्जून दाखवतात.

आणखी एक गोष्ट ते सांगतात. देवळाच्या आवारात, ओवरीत, सभामंडपात, सगळीकडे धबधब्याचा गडगडाट ऐकू येतो. फक्त गाभाऱ्यात येत नाही. यामागे एक कथा आहे, ती त्यांच्याच तोंडून ऐकावी. इंजिनिअर माणूस जाड दगडी भिंती, लहान दार आणि नागमोडी वाट यांचा हिशोब मांडील, भाविक हात जोडील. दोघांनीही एकदा उंबरठ्यावर थांबून एक पाऊल आत, एक पाऊल बाहेर करून पाहावे.

म्हैसूरकडे परतणाऱ्या संध्याकाळच्या गाडीची वेळ कृष्णराजनगरच्या स्टेशनवर उतरल्या उतरल्याच विचारून ठेवावी. फलाटावर तेव्हा उलट दिशेने आलेली गाडी रिकामी होत असते. हातात डबे, सदऱ्याला तेलाचा वास, आणि एखाद्याच्या बाहीवर उन्हात चमकणारा अॅल्युमिनियमचा कुरळा कीस.